नारायणगुड्यात अडकलेले बाबा

माझे वडील अमेरिकेला जाता जाता नारायणगुड्यात अडकले, कारण ते फार जड होते.

गैरसमज नको. प्रत्यक्ष बाबा त्या वेळी हैदराबादेतच, नल्लकुंट्याला आमच्या घरात, खिडकीजवळच्या खुर्चीत बसून मऊ भात खात होते, आणि अंगानं म्हणाल तर आजारपणात पार उतरले होते. जड झाली होती ती त्यांची फाइल! त्यांच्या पंचाहत्तरीच्या फोटोंचा मी कॉम्प्युटरवर एक स्लाइड शो केला होता (हौस! दुसरं काय!) आणि तो ईमेलनं माझ्या धाकट्या बहिणीला, नीलाला, न्यू जर्सीला धाडायचा होता.

तो काळच तसा होता. ज्या शहरात नुसता फोन मिळवायला अर्ज करून म्हातारं व्हावं लागायचं, तिथे एकाएकी गल्लोगल्ली इंटरनेटच्या पाट्या लागल्या होत्या. इडलीच्या गाडीशेजारी कॉम्प्युटर क्लास, शिंप्याच्या दुकानावर कॉम्प्युटर क्लास! आमच्या पाटबंधारे खात्यालाही जाग आली आणि त्यांनी मला सरकारी खर्चानं ट्रेनिंगला पाठवलं. तिथे मी पडद्यावर अक्षरं गिरक्या घेत कशी आणायची, चित्र एका बाजूनं सरकत कसं आणायचं, असली महत्त्वाची विद्या शिकलो. धरणाचं पाणी त्यानं इंचभरही हललं नाही, पण माझी मान ताठ झाली. घरात कुणी साधा टॉर्च दुरुस्त करायला काढला तरी मी म्हणायचो, "द्या इकडे, मी कॉम्प्युटर शिकलोय."

आता मुख्य भानगड सांगतो. बाबा गौलीगुड्याच्या शाळेत हेडमास्तर होते. वर्गात ओरडले की बाहेर बसथांब्यावरची माणसं सरळ रांगेत उभी राहायची, अशी त्यांची ख्याती. त्या वर्षी उन्हाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला. डावा हात गेला, डावा पाय ओढत चालू लागले, तोंड डावीकडे किंचित वाकडं झालं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे जीभ वळेना. समजायचं सगळं, पण शब्द तोंडातल्या तोंडात विरघळून जायचे. ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांना बोलतं केलं, तो खिडकीतून रस्त्याकडे बघत बसायचा. ते बघवायचं नाही हो.

आणि नेमके तेव्हाच नीलूला दिवस गेले होते. आधी एकदा तिला त्यातून फार सोसावं लागलं होतं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, विश्रांती घ्यायची आणि मनाला त्रास होऊ द्यायचा नाही. झालं! आईनं देवासमोर उभं राहून हुकूम सोडला.

"नीलूला यातलं एक अक्षर कळता कामा नये. बाळंतपण पार पडू दे, मग सांगू."

"अगं, पण ती दर रविवारी फोन करते. बाबांशी बोलायचं म्हणाली तर?"

"सांग काहीतरी. एवढा सरकारी नोकर तू, वेळ मारून नेता येत नाही?"



तर दर रविवारी सकाळी फोन वाजायचा. बाबा खुर्ची ओढायला लावून बरोब्बर फोनशेजारी येऊन बसायचे, कारण रिसीव्हरमधून नीलूचा आवाज थोडा थोडा बाहेर ऐकू यायचा. आणि मी, त्यांच्या डोळ्यांत बघत, तिला सांगायचो, "बाबा ना? फिरायला गेलेत!" पुढच्या रविवारी, "बाबा आंघोळीला गेलेत!" त्याच्या पुढच्या, "बाबा वाचनालयात गेलेत!" कोरडे ठणठणीत बाबा हातभर अंतरावर बसून स्वतःच्या आंघोळीची बातमी ऐकायचे. माझ्याकडे असे बघायचे, असे बघायचे, की मला पुन्हा पाचवीत बसल्यासारखं वाटायचं.

एकदा नीलूनं विचारलंच. "दादा, बाबा हल्ली किती आंघोळी करतात रे?"

"उन्हाळा आहे ना!"

"दिवाळी आली दादा."

"हैदराबादेत काय, उन्हाळाच असतो," असं म्हणून मी फोन आईकडे दिला आणि पळालो. त्याच्या आधी नीलूनं हळूच विचारलं होतं, "बाबा माझ्याबद्दल काही बोलतात का?" आणि मी घाईघाईत म्हणून गेलो होतो, "नाही, काही नाही." (खरंच होतं की! ते कुणाबद्दलच काही बोलू शकत नव्हते.)

अशात बाबांची पंचाहत्तरी आली. थाटमाट नको म्हणून घरच्या घरी केली. पंच्याहत्तर दिव्यांनी ओवाळायचं होतं. आईनं कणकेचे दिवे केले, वारा नको म्हणून पंखा बंद केला, आणि दिवे पेटेपर्यंत आम्ही सगळे घामानं निथळलो. आम्ही आळीपाळीनं फोटो काढले. दुसऱ्याच रविवारी नीलूचा हुकूम आला. "फोटो पाठवा. सगळ्यांचे. बाबांचे तर पाहिजेतच!"

आईचा चेहरा उतरला. "आता रे?"

"आता काय! मी कॉम्प्युटर शिकलोय!" मी म्हणालो. "फोटोत जे दाखवायचं नाही ते कापून टाकता येतं. वॉकर कापू, हात कापू. नीलूला कळणारसुद्धा नाही."

"माणसाला कापू नकोस म्हणजे झालं," आई म्हणाली.

नारायणगुड्याला खलीलभाईंचं इंटरनेटचं दुकान होतं. पार्टिशन घातलेले चार खोके, त्यात चार कॉम्प्युटर. मी फोटोंचं पाकीट घेऊन तिथे गेलो आणि फर्मावलं, "खलीलभाई, स्कॅन करा, एकदम उत्तम क्वालिटी! अमेरिकेला जायचेत."

"हौ साब, एकदम टॉप मारतौं!" खलीलभाई म्हणाले आणि त्यांनी खरोखरच टॉप मारलं. बाबांच्या धोतराच्या काठातला धागान् धागा दिसायला लागला. त्या टॉपनंच पुढे आमचं नाक कापलं, पण तेव्हा मी खूश होतो.

मी कापाकापीला बसलो. भाजी घ्यायला निघालेली माझी बायको माधुरी पिशवीसकट शेजारी येऊन बसली (मला मदत करायला नव्हे, चुका काढायला). पहिल्या फोटोत बाबा वॉकर धरून उभे. वॉकर कापला. बाबा कमरेपर्यंत राहिले.

"छान!" मी म्हणालो.

दुसऱ्यात डावा हात गळ्यात बांधलेला. डावी बाजू कापली. तिसऱ्यात तोंड वाकडं दिसत होतं. म्हटलं, तीही बाजू कापू. राहिला एक डोळा, एक कान आणि टोपीची अर्धी किनार.

माधुरी निरखून बघत राहिली. "अहो, हे मामंजी आहेत की दाराआडून कोण आलंय ते बघणारे शेजारी?"

"कलात्मक दिसतंय ते!"

"आणि हा हात कुणाचा?"

मी पाहिलं. ओवाळताना बाबांना उभं करायला एका बाजूनं मी आणि एका बाजूनं आई त्यांना बगलेत हात घालून धरून होतो. मी मला कापलं होतं, आईला कापलं होतं, पण आमचे हात बाबांच्या बगलेत तसेच राहिले होते! बाबांना न कळत दोन भुतं त्यांना गुदगुल्या करत होती म्हणायला हरकत नव्हती. हात कापावेत तर बाबांचे खांदे जात होते. खांदे ठेवावेत तर भुतं.

खलीलभाई मागे येऊन उभे होते. "साब, अब्बाजान कू कायकू काट रहे इत्ता?"

"छोटा करना है, खलीलभाई," मी म्हणालो. आता त्यांना घरची कहाणी कुठे सांगत बसू!

शेवटी भुतांवर मी झेंडूच्या हाराचं एक चित्र चिकटवलं. नीलू म्हणेल, हार किती जाड! म्हणू दे. मग प्रत्येक स्लाइडला मखमली रंग दिला, बाबांना गिरक्या घेत पडद्यावर आणलं (प्रत्यक्षात बिचारे आधाराशिवाय खुर्चीतून उठू शकत नव्हते, इथे भिंगरीसारखे फिरत होते), मागे सनई लावली आणि फाइल ईमेलला जोडली. पडद्यावर एक चाक फिरू लागलं.

चाक फिरत राहिलं. आम्ही चहा प्यालो. चाक फिरत राहिलं. माधुरी भाजी घेऊन परत आली. चाक थांबलं आणि पडद्यावर उमटलं, की फाइल फारच मोठी आहे.

"जाता नै साब," खलीलभाई दुःखानं म्हणाले. "भौत वजनी है. कुछ तो उतारो."

मी चक्रावलो. एवढं कापलं, अर्धे बाबा उडवले, तरी वजन तेवढंच? एक कणही कमी नाही? पण मी कॉम्प्युटर शिकलेला माणूस, असं कसं कबूल करणार! "मशीनला कळायला वेळ लागतो," असं मी माधुरीला समजावलं आणि उतरवायला सुरुवात केली. सनई काढली. वजन थोडं हललं. मखमल काढली. गिरक्या बंद केल्या. तरी जाईना. मग एकेक फोटोच काढायला घेतला. शेजारचे रेड्डीगारू गेले, लाडूंचं ताट गेलं. आणि मग मी, विचार न करता, माधुरीचा दिव्यांचं ताट हातात घेतलेला एकुलता एक फोटो उडवला.

मागे भाजीची पिशवी धपकन जमिनीवर आली. लग्नाला बरीच वर्षं झालेल्या माणसाला तो आवाज ओळखता येतो.

"लाडू गेल्यावर मी का?" माधुरी म्हणाली. "पंच्याहत्तर वाती कुणी वळल्या? बंद पंख्याखाली कोण उभी राहिली? आणि जड मी?"

"अगं, फाइल जड..."

"तुमचे स्वतःचे किती आहेत?"

माझे चार होते. मी मुकाट्यानं माझे चारही काढले आणि तिचा परत घातला. तरीही बाबा नारायणगुड्यातून हलायला तयार नाहीत! रोज ऑफिसातून परस्पर खलीलभाईंकडे जायचं, बाबांना ईमेलला जोडायचं, आणि अर्ध्या वाटेवर लाइन तुटली की परत घरी यायचं. आई दारातच विचारायची, "पोचले का?" बाबा खुर्चीतून माझ्याकडे बघायचे. मी म्हणायचो, "उद्या पोचतील."

शेवटी मी डोकं चालवलं. एकेक स्लाइड वेगळी केली आणि एकेका ईमेलनं सोडली. आमचे बाबा असे हप्त्याहप्त्यानं अमेरिकेला पोचले. शेवटच्या ईमेलमध्ये मी नीलूच्या नवऱ्याला, शिरीषला, दोन ओळी लिहिल्या. शिरीष तिथे सॉफ्टवेअरमध्ये, आणि जावईबापूंना काही काम सांगितल्याशिवाय आपलेपणा कसा दिसणार? मी लिहिलं, 'शिरीषराव, फोटो जरा जड झालेत. आपण तज्ज्ञ आहात. जमल्यास लहान करून घ्यावेत.'

आपल्या पायावर कुऱ्हाड मारून घेणारे पुष्कळ असतात. मी ती पोस्टेज लावून पाठवली.

त्या रविवारी फोन नेहमीपेक्षा लवकर वाजला. बाबांची खुर्ची अजून फोनपर्यंत पोचलीही नव्हती. मी उचलला आणि उत्साहानं म्हणालो, "काय, मिळाले फोटो? कसे आहेत?"

पलीकडे नीलू नव्हती, शिरीष होता. आवाज चोरटा. "दादा, एक गोष्ट सांगायची होती. ते फोटो तुम्ही क्रॉप केले होते ना?"

"हो! कसे जमलेत?"

"अहो, क्रॉप केल्यानं काही जात नाही. कापलेला भाग फाइलमध्येच असतो, नुसता झाकला जातो. साडीचा जादा काठ आत दुमडून शिवल्यासारखं. म्हणून तर फाइल एवढी जड. लहान करायला म्हणून मी एक बटण दाबलं, तर सगळं उलगडलं."

मी रिसीव्हर कानाशी घट्ट दाबला. "सगळं म्हणजे?"

"सगळं. वॉकर, गळ्यातली पट्टी, तुम्ही, आई. आणि, दादा, नीला माझ्या शेजारीच बसली होती."

मी मटकन स्टुलावर बसलो. म्हणजे ज्या गोष्टीसाठी सहा महिने खोटं बोललो, ती गोष्ट मी स्वतःच्या हातानं, उत्तम क्वालिटीत, धाग्या-धाग्यासकट तिच्या घरी पोचवली होती! आणि वर जावयाला उघडायची विनंती केली होती! आई माझा चेहरा बघून पदर तोंडाशी धरून उभी राहिली. माधुरी गॅस बंद करून आली. "नीलू बरी आहे ना?" मला एवढंच विचारता आलं.

"ती बरी आहे. तिलाच देतो."

मी डोळे मिटले. नीलूचा राग मला लहानपणापासून माहीत होता. पण पलीकडून आला तो नुसता रडण्याचा आवाज. हुंदक्यांमधून ती काय म्हणते ते मला आधी समजेचना.

"म्हणजे... दादा... म्हणजे बाबा माझ्यावर रागावलेले नाहीत?"

"काय?"

"मी इकडे आले तेव्हा ते एअरपोर्टवर नव्हते आले. आठवतंय? भांडण झालं होतं आमचं. तिथेच हैदराबादेत कॉलेजात शिकव म्हणत होते. आधी दोन वाक्यं तरी बोलायचे फोनवर. मग एकदमच बंद झालं. दर रविवारी फिरायला, आंघोळीला, वाचनालयात! मला वाटलं, त्यांना माझ्याशी बोलायचंच नाहीये. फोन वाजला की उठून जात असतील. दादा, मी सहा महिने रोज रडतेय रे! डॉक्टरीण विचारते, मनावर कसला ताण आहे, तर मी काय सांगू? माझे बाबा आंघोळीला गेलेत म्हणून?"

 तिला त्रास होऊ नये म्हणून आम्ही घरभर एवढा बंदोबस्त केला, आणि नेमका तोच त्रास तिला आठवड्याच्या आठवड्याला फोनवरून पुरवत होतो. तोही आयएसडीच्या दरानं, आणि तिच्याच पैशानं!

"नीलू," मी म्हणालो, "बाबा कुठेही जात नव्हते गं. दर रविवारी इथे, फोनला खुर्ची चिकटवून बसत होते. तुझा आवाज ऐकायला. आंघोळ तर ते आदल्या दिवशीच करून ठेवायचे."

ती रडता रडता हसली. मग म्हणाली, "दे त्यांना."

"अगं, त्यांना बोलता..."

"नाही बोलले तरी चालेल. तू फोन दे."

मी बाबांची खुर्ची फोनजवळ ओढली. त्यांनी उजव्या हातानं रिसीव्हर घेतला. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा तो त्यांच्या हातात आला होता, आणि तो ते असा घट्ट धरून बसले, जणू कुणी काढून घेणार होतं. नीलू काय बोलत होती ते आम्हाला ऐकू आलं नाही. बाबा मान हलवत होते (फोनवर मान हलवून काय कळणार! पण त्यांना कोण सांगणार?). मध्येच "अं, अं" असा आवाज काढत होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला दुसरा हात नव्हता. आईनं पदरानं पुसलं. ती त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभी होती. तो हात आता कुणी कापणार नव्हतं.

बऱ्याच वेळानं नीलूनं बहुतेक विचारलं असावं, की हे सगळं फोटो कापण्याचं डोकं कुणाचं? कारण बाबांनी रिसीव्हर कानाशी तसाच धरून मान वळवली आणि सरळ माझ्याकडे पाहिलं. चेहरा लाल झाला. ओठ थरथरले. मानेची शीर ताठ झाली. आम्हाला वाटलं, पुन्हा झटका येतोय की काय! आई "अहो, अहो" म्हणत पुढे झाली. माधुरी पाण्याला धावली. आणि बाबांच्या तोंडून, हेडमास्तरांच्या जुन्या, खणखणीत आवाजात, बाहेर पडलं.

"गा... ढव!"

 इतके महिने स्पीचवाल्या बाई येऊन त्यांच्याकडून 'राम' म्हणवून घेत होत्या, 'पाणी' म्हणवून घेत होत्या, आणि सगळे शब्द तोंडात विरघळत होते. हा मात्र सणसणीत, शेंडीपासून शेपटीपर्यंत पुरा आला! आईनं टाळ्या वाजवल्या. माधुरीनं देवापुढे साखर ठेवली आणि "मामंजी, परत एकदा म्हणा!" असा आग्रह धरला. बाबांनी तिचं मन मोडलं नाही. माझ्याकडे बघतच ते परत म्हणाले, आणि या वेळी मध्ये थांबलेही नाहीत.

मी डोळे पुसत फोन घेतला. "नीलू, ऐकलंस? बाबा बोलले! स्वच्छ बोलले!"

"ऐकलं की. पण कुणाला म्हणाले रे?"

"मला."

"मग काही काळजी नाही, दादा," नीलू म्हणाली. "माणसं अगदी बरोबर ओळखतायत."